वाचकांचे प्रश्न : रोजच्या १२० किलोमीटरसाठी वापरलेली गाडी

प्रश्न : मी साताऱ्यात राहते आणि शिरवळच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात नोकरी करते. आठ वर्षांच्या मुलाला मी एकटीच वाढवते आहे. घरी अडुसष्ट वर्षांची आई आहे, पण गुडघेदुखीमुळे तिला फारसे बाहेर पडता येत नाही. कारखान्याच्या बसच्या वेळा माझ्या पाळीला जुळत नाहीत, त्यामुळे गेली चार वर्षे मी अकरा वर्षे जुन्या, लहान पेट्रोल गाडीने ये-जा करते. गेल्या पावसाळ्यात ती संध्याकाळी खंबाटकी घाटात दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा पाळणाघरातल्या ताईंना मुलाला घेऊन रात्री नऊपर्यंत थांबावे लागले. आता सात लाखांपर्यंत वापरलेली, थोडी उंच गाडी घ्यावी असा विचार आहे. मामांचे म्हणणे आहे की डबल केबिनची पिकअप घे, रविवारी भाड्याने देता येईल. कारखान्यातले सहकारी म्हणतात की जुनी स्कॉर्पिओ घे, लोखंड भरपूर असल्याने ती सुरक्षित असते. डिझेल घ्यावे की पेट्रोल, हेही कळत नाही. मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य पाळणाघराविषयीचे आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. ज्या घरात दोन कमावती माणसे आणि दोन वाहने असतात, तिथे गाडी बंद पडली तर गैरसोय होते, एवढेच. तुमच्या घरी मुलाला आणायला जाणारे दुसरे कोणी नाही. त्यामुळे संध्याकाळी साडेसहाला शिरवळहून निघालेली गाडी साडेसातला साताऱ्यात पोहोचणे हीच तुमची पहिली गरज आहे. उंची, दिमाख आणि पुढे विकताना मिळणारा भाव यांचा विचार त्यानंतर.

मामांचा सल्ला आपुलकीचा आहे, परंतु तो बाजूला ठेवावा. आपल्याकडच्या बहुतेक डबल केबिन पिकअप मालवाहू वाहन म्हणून नोंदलेल्या असतात. अशा वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी आरटीओकडून योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि विमाही व्यावसायिक दराने भरावा लागतो. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे माल वाहण्यासाठी बसवलेले असल्याने रिकामी गाडी महामार्गावरच्या प्रत्येक सांध्यावर उसळते, आणि तो धक्का थेट मागच्या आसनावर, म्हणजे तुमच्या मुलाला बसतो. शिवाय रविवारी भाड्याने गेलेली गाडी सोमवारी सकाळी कोणत्या अवस्थेत दारात येईल, याची काळजी तुमच्याच डोक्यावर राहील.

स्कॉर्पिओच्या लोखंडाविषयीचा समज गावोगावी ऐकू येतो. गाडी जड असणे आणि अपघातात आतल्या माणसांचा जीव वाचवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१६ मध्ये एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओची धडक चाचणी घेतली, तेव्हा प्रौढांच्या सुरक्षेसाठी तिला पाचपैकी एकही तारा मिळाला नाही. त्याच संस्थेच्या २०१८ च्या चाचण्यांत मारुतीच्या व्हिटारा ब्रेझाला चार आणि टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले. महिंद्राच्याच एक्सयूव्ही ३०० ला २०२० मध्ये पाच तारे मिळाले. या तिन्ही गाड्यांची लांबी चार मीटरच्या आत आहे. मुलांच्या सुरक्षेचे तारे मात्र वेगळे मोजले जातात आणि तिथे ब्रेझाला दोन, नेक्सॉनला तीन आणि एक्सयूव्ही ३०० ला चार तारे आहेत. मूल बरोबर असणाऱ्याने हा दुसरा आकडा आधी पाहावा, असे मला वाटते.

आता इंधनाचा हिशेब. जाऊन-येऊन १२० किलोमीटर आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर महिन्याला ३,००० आणि वर्षाला ३६,००० किलोमीटर होतात. हिशेबापुरते डिझेल ९० रुपये आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर धरू. लिटरला अठरा किलोमीटर देणाऱ्या लहान डिझेल एसयूव्हीला महिन्याला सुमारे १५,००० रुपये लागतील. पंधरा किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल एसयूव्हीला २०,८००. आणि बारा किलोमीटर देणाऱ्या जुन्या, जड डिझेल गाडीला २२,५००. म्हणजे सहकारी सुचवतात ती गाडी लहान डिझेल गाडीपेक्षा वर्षाला नव्वद हजारांनी महाग पडेल. इतके अंतर रोज कापणाऱ्या माणसाला डिझेल आजही परवडते. शहरात रोज आठ-दहा किलोमीटर चालवणाऱ्याला मी याच्या नेमका उलट सल्ला दिला असता. सीएनजीचा खर्च याहूनही कमी येतो, पण टाकीमुळे डिक्की जवळजवळ संपते आणि पंपावर रांग असली की तुमचे साडेसात हुकतात.

टोलचाही थोडा विचार करा. आनेवाडीचा नाका तुम्हाला दिवसातून दोनदा ओलांडावा लागतो. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींसाठी ३,००० रुपयांत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल तोवर चालणारा फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला. तुमच्या दोनशे फेऱ्या चार महिन्यांतच संपतील, तरीही फेरीला पंधराच रुपये पडतात. हा पास मालवाहू वाहनाला मिळत नाही, आणि एका गाडीचा पास दुसऱ्या गाडीला चालत नाही. गाडी घेतल्यावर जुन्या मालकाचा फास्टॅग काढून आपल्या नावाचा नवीन लावून घ्यावा.

माझी पहिली पसंती २०१८ च्या मध्यानंतर तयार झालेल्या ब्रेझा डिझेलला आहे, कारण त्या सुमारास पुढच्या दोन्ही एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) तिच्या सर्व प्रकारांत आले. तिच्या १.३ लिटर इंजिनात ठरावीक काळाने बदलाव्या लागणाऱ्या टायमिंग बेल्टऐवजी साखळी आहे, ते इंजिन कित्येक वर्षे अनेक गाड्यांत वापरले गेल्याने गावोगावच्या मिस्त्रींना त्याची सवय आहे आणि सुटे भाग सहज मिळतात. वरचे तारे पाहून तुम्ही विचाराल की मग एक्सयूव्ही ३०० का नको? चांगली निगा राखलेली आणि नोंदी पूर्ण असलेली डिझेल गाडी तुमच्या रकमेत मिळाली, तर मुलाच्या दृष्टीने तीच घ्यावी. तिचे इंजिन अधिक ताकदीचे आहे आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. मात्र अशी गाडी शोधायला वेळ लागेल, आणि घाईत घेतलेल्या खराब एक्सयूव्हीपेक्षा चांगली ब्रेझा केव्हाही बरी. या गाड्यांची आसने साधारण कमरेच्या उंचीवर असल्याने गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली वाकावे लागत नाही आणि वर चढावेही लागत नाही. तरीही पाहायला जाताना आईंना बरोबर न्या आणि मागच्या दारातून दोनदा चढ-उतार करायला सांगा.

सातच्या सात लाख गाडीत घालू नयेत. सहा लाखांच्या आत व्यवहार करावा, नावबदल आणि विमा यांसाठी तीस-चाळीस हजार धरावेत आणि उरलेली रक्कम पहिल्या सहा महिन्यांत लागणारे टायर, क्लच प्लेट, बॅटरी आणि ब्रेक पॅड यांसाठी बँकेत राहू द्यावी. वापरलेली गाडी विकणारा माणूस टायर संपत आल्यावरच गाडी विकायला काढतो, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि आपण येईपर्यंत ती सुरू करू नका, असे मालकाला आधीच सांगावे. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवावा. ते कोमट लागले तर गाडी आधी तापवून ठेवलेली आहे, म्हणजे थंड इंजिनाचा आवाज आणि धूर तुम्हाला दिसू नये अशी कोणाची तरी इच्छा आहे. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे सांगतो. काळा धूर सतत येत असेल तर इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरकडे किंवा इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोकडे संशय जातो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. मीटरवर चाळीस हजार किलोमीटर दिसत असताना पेडलचे रबर गुळगुळीत झालेले असेल, ड्रायव्हरच्या आसनाची कड फाटलेली असेल आणि टायरचा तिसरा संच बसलेला असेल, तर मीटर मागे घेतलेला आहे असे समजून पुढची गाडी पाहावी. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चॅसिस क्रमांकावरून जुन्या सर्व्हिसच्या नोंदी निघतात. मालकाला बरोबर नेऊन त्या पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.

आपल्या भागात आणखी एक तपासणी आवश्यक आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत सांगली आणि कोल्हापूरकडच्या, तसेच २०२१ मध्ये चिपळूणच्या कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या, आणि त्यांतल्या काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आतल्या टोकाला मातकट रेघ असेल तर ती सहसा धुतली जात नाही. आसनाखालच्या पट्ट्यांवरचा गंज आणि गालिच्याखालचा कुबट वास हेही तेच सांगतात. ठोकलेली गाडी ओळखायला बॉनेट आणि पुढच्या मडगार्डचे बोल्ट पाहावेत. त्यांवरचा रंग खरवडलेला असेल तर कोणीतरी ते खोललेले आहेत.

चालवून पाहण्यासाठी शहरातला सपाट रस्ता निवडू नये. पुण्याकडे जाताना तुम्हाला खंबाटकीचा बोगदा आणि नंतरचे उताराचे वळण लागते, तर परतताना पूर्ण घाट चढावा लागतो. म्हणजे दिवसभराच्या कामानंतर, थकलेल्या अवस्थेत, तुमच्या गाडीची खरी परीक्षा होते. साताऱ्यात राहत असल्याने यवतेश्वरचा घाट तुम्हाला हाताशी आहे. आईंना आणि ओळखीच्या मिस्त्रीला मागे बसवून, एसी लावून तो चढावा. तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट संपत आली आहे. वर पोहोचल्यावर तापमानाची खूण पाहावी, आणि उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरते का, हे पाहावे.

मुलाविषयी एकच सांगायचे आहे. मोटार वाहन कायद्यानुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा योग्य आसनाने बांधून बसवणे बंधनकारक आहे, आणि तसे न केल्यास एक हजार रुपये दंड आहे. आठ वर्षांच्या बहुतेक मुलांना मोठ्यांचा पट्टा मानेवर येतो, म्हणून उंची १३५ सेंटीमीटर होईपर्यंत त्याला उंची वाढवणाऱ्या बूस्टर आसनावर, मागे, खिडकीच्या बाजूला बसवावे.

कागदपत्रांत मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० मालकाच्या सहीसह घ्यावेत. गाडीवर कर्ज होते असे आरसीवर दिसत असेल तर कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. नावबदलासाठी तुमच्या हाती तीस दिवस असतात आणि विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी चौदाच दिवस. जुन्या मालकाची नो क्लेम सवलत, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट, तुम्हाला मिळत नाही, ती त्या माणसाबरोबर जाते. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसवलेली आहे का, तेही पाहावे.

गाडी घेतल्यावर दर दहा हजार किलोमीटरची सर्व्हिस तुम्हाला सव्वातीन महिन्यांतच करावी लागेल. त्यामुळे साताऱ्यातले कोणते सर्व्हिस सेंटर रविवारी उघडे असते, हे गाडी निवडण्याआधीच विचारून ठेवा.

प्रश्न : मी नाशिकला राहतो. पत्नीच्या निधनानंतर दोन मुलींना मीच सांभाळतो आणि कामासाठी रोज सिन्नरला जातो. एका एजंटाने दिल्ली पासिंगची २०१६ ची मोठी डिझेल एसयूव्ही इथल्या भावापेक्षा दीड लाखांनी स्वस्त देऊ केली आहे. घ्यावी का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दिल्लीत दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिथल्या गाड्या स्वस्तात बाहेर येत आल्या आहेत, म्हणजे स्वस्ताईचे कारण खरे आहे. तथापि ती गाडी महाराष्ट्रात कायम वापरायची तर दिल्लीच्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, इथला रस्ता कर आणि नवीन एमएच क्रमांक या सगळ्यांतून जावे लागते. हे सर्व स्वतःच्या खर्चाने करून, नाशिकच्या क्रमांकासह आणि तुमच्या नावाच्या आरसीसह गाडी देण्याचे एजंट लेखी कबूल करत असेल, तरच पुढे बोलावे. तो ‘नंतर करून देतो’ म्हणत असेल, तर दीड लाखांतले बहुतेक कर आणि आरटीओच्या फेऱ्यांतच जातील, आणि त्या फेऱ्यांसाठी रजा तुम्हालाच काढावी लागेल. तुमचा प्रवास दोन्ही वेळचा मिळून साधारण साठ किलोमीटरचा आणि बराचसा सपाट आहे. त्यासाठी मोठ्या गाडीची गरजही मला दिसत नाही. वर साताऱ्याच्या वाचकांना सुचवलेल्या गाड्यांपैकी एक, एमएच-१५ क्रमांकाची आणि एकाच मालकाने वापरलेली, शोधावी.