जुन्या टर्बो पेट्रोल गाडीचा निळा धूर: टर्बो बदलण्याआधी काय तपासावे

नमस्कार. आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: 9 वर्षे वापरलेली, 84,000 किलोमीटर धावलेली, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) असलेली पेट्रोल गाडी आपण 3 महिन्यांपूर्वी घेतली. सकाळी गाडी सुरू करताना आणि स्वारगेटच्या चौकात सिग्नल सुटल्यावर मागून निळसर धूर येतो. आतापर्यंत दीड लिटर ऑइल वरून टाकावे लागले आहे. गॅरेजमध्ये दाखवताच ‘टर्बो गेला’ असे सांगून 90,000 रुपयांचा खर्च काढून दिला. तो करावा का, असे आपण विचारता. माझे मत स्पष्ट आहे: आत्ता करू नये. टर्बो बिघडलेला असू शकतो, परंतु आपण सांगितलेली लक्षणे निदान चार वेगवेगळ्या दोषांत दिसतात आणि त्यांतला सर्वांत स्वस्त दोष अजून कोणी तपासलेलाच नाही.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो, कारण माझ्या आधीच्या गाडीत मी हाच निर्णय घाईने घेतला होता. नवा टर्बो बसवला, पंधरा दिवस धूर दिसला नाही आणि मग पूर्वीसारखाच येऊ लागला. अखेर दोष ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनात साचणारा वायू बाहेर नेणाऱ्या मार्गाच्या, झडपेत निघाला. त्या झडपेमुळे इंजिनाच्या पोटात, म्हणजे ऑइल साठते त्या खालच्या भागात, दाब साचत होता आणि नव्या टर्बोतूनही ऑइल बाहेर ढकलले जात होते.

म्हणून पहिले काम मोजण्याचे. जुनी गाडी विकताना धूर दबावा म्हणून जाड ऑइल किंवा एखादे घट्ट द्रव्य घालून देण्याचे प्रकार होतात, त्यामुळे आत नेमके काय आहे हे आपल्याला माहीत नाही असेच धरून चालावे. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचे ऑइल आणि नवा फिल्टर घाला. सपाट जागी, गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेला आणा. वरच्या खुणेच्या पुढे मात्र जाऊ नका, कारण जादा भरलेले ऑइल स्वतःच धुराचे कारण ठरते. किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. 1000 किलोमीटरनंतर त्याच जागी उभे राहून पातळी पुन्हा वरच्या खुणेला आणायला किती मिलिलिटर लागले ते मापाने मोजा. काही युरोपीय कंपन्यांच्या पुस्तिकांत 1000 किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंतचा खप मान्य धरलेला असतो. माझ्या दृष्टीने तो कंपनीने स्वतःच्या बचावासाठी ठेवलेला आकडा आहे. निरोगी इंजिन याच्या कितीतरी कमी ऑइल घेते. तरीही आकडा हाती असला की दुरुस्तीनंतर खरोखर फरक पडला का हे ठरवता येते. धुरावरून ते ठरत नाही, कारण थोडे ऑइल जळत असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा डबा) धूर जवळजवळ दिसूच देत नाही. पीयूसी मिळाली म्हणजे इंजिन चांगले, असा निष्कर्षही काढू नये. जिथे ऑइल जळते ती परिस्थिती त्या चाचणीत निर्माणच होत नाही.

रंगाबद्दल फार लिहीत नाही. निळसर आणि उग्र वासाचा धूर ऑइलचा, काळा धूर जादा पेट्रोलचा, आणि दाट पांढरा, गोडसर वासाचा, हवेत बराच वेळ रेंगाळणारा धूर कूलंटचा. जानेवारीत पाषाणकडे पहाटे सायलेन्सरमधून निघणारी आणि चार-पाच मिनिटांत विरणारी वाफ नुसते पाणी असते, तिची चिंता करू नये.

रंगापेक्षा धूर कधी येतो हे अधिक सांगून जाते आणि ते पाहण्यासाठी पुण्याजवळ दिवे घाट उत्तम आहे. सकाळी लवकर, गर्दीचा रविवार आणि पालखीचे दिवस टाळून जा. मागच्या गाडीत एक जाणकार मित्र असू द्या. आरशात पाहून धुराचा अंदाज येत नाही. हडपसरकडून चढताना, इंजिन पूर्ण जोर लावत असताना सतत धूर येत असेल, तर संशय पिस्टन रिंगांवर (पिस्टनभोवतीच्या, ऑइल वर येऊ न देणाऱ्या कड्यांवर) किंवा टर्बोच्या हवा दाबणाऱ्या बाजूवर जातो. सासवडकडून उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा आणि पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढा. अशा वेळी थ्रॉटल (हवेची झडप) बंद असल्याने इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांत, मोठी पोकळी (व्हॅक्यूम) तयार होते आणि व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या झिजलेल्या सीलमधून व गाईडमधून ऑइल आत खेचले जाते. पायथ्याशी पुन्हा रेस देताच निळा लोट निघाला तर व्हॉल्व्ह सीलकडे बोट जाते. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करताच एकदाच निघणारा धूरही बहुधा त्यांचाच असतो, कारण हेडवर (इंजिनाच्या वरच्या भागावर) साचलेले ऑइल रात्रभरात व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली झिरपते. आपली दुसरी तक्रार, म्हणजे सिग्नलला थांबून निघताना येणारा धूर, ही मात्र व्हॉल्व्ह सील, टर्बो आणि ब्रीदर या तिघांतही दिसते; तेवढ्यावरून टर्बोवर ठपका ठेवता येत नाही.

आता ब्रीदर, म्हणजे पीसीव्ही झडप. रिंगांजवळून थोडा वायू प्रत्येक इंजिनात खाली निसटतो आणि तो पुन्हा इनटेकमध्ये नेऊन जाळला जातो. टर्बो गाडीत हे काम अवघड असते, कारण इनटेक मॅनिफोल्डमध्ये कधी पोकळी असते तर कधी टर्बोचा दाब, आणि झडपेला दोन्ही सांभाळावे लागतात. तिचा रबरी पडदा फाटला की मॅनिफोल्डची पोकळी थेट इंजिनाच्या पोटावर येते: ऑइल खेचले जाते, बारीक शिट्टीसारखा आवाज येतो आणि आयडलिंगला ऑइल फिलरचे झाकण उचलायला जड जाते. याउलट झडप उघडी अडकली, तर टर्बोचा दाब पोटात शिरतो आणि झाकण उघडताच फुत्कार येतो. याला आपल्याकडचे मेकॅनिक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात आणि लगेच रिंगा गेल्याचे सांगतात, पण केवळ झडप बिघडूनही हेच दिसते. बऱ्याच गाड्यांत ही झडप काही हजार रुपयांत आणि तासाभरात बदलता येते. मी आपल्या जागी असतो तर दुसऱ्या कशालाही हात लावण्याआधी हीच तपासली असती.

त्यानंतर स्पार्क प्लग काढून क्रमाने मांडा आणि त्यांचे फोटो ठेवा. एक-दोन प्लगच ऑइलने ओले किंवा काळ्या कवचाचे असतील, तर दोष त्या सिलिंडरच्या रिंगांत किंवा व्हॉल्व्ह सीलमध्ये आहे. चारही सारखेच माखलेले असतील, तर ऑइल इनटेकच्या हवेबरोबर येते आहे, म्हणजे ब्रीदर किंवा टर्बोची थंड, हवा दाबणारी बाजू. आणि चारही प्लग कोरडे असूनही धूर येत असेल, तर ऑइल सिलिंडरमध्ये न जाता पुढे एक्झॉस्टमध्ये जळते आहे. टर्बोच्या गरम, म्हणजे एक्झॉस्टकडच्या बाजूविरुद्धचा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे आणि तो मिळवायला केवळ प्लगचा पाना लागतो.

टर्बो पाहायचाच असेल तर इंटरकूलरचा (टर्बोतून येणारी हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप सोडवा. आत ऑइलचा पातळ थर असणे स्वाभाविक आहे, थारोळे असणे नव्हे. चाकाचा आस आडवा किंचित हलतो, कारण तो ऑइलच्या थरावर तरंगत मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो. मात्र मागेपुढे तो जाणवण्याइतका हलता कामा नये आणि पाती घराला घासलेली नसावीत. बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की टर्बोत साधारणपणे रबरी सील नसतात. आसावर धातूच्या बारीक कड्या असतात आणि ऑइल निव्वळ उताराने जाड पाइपातून खाली इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये परतते. तो पाइप जळक्या ऑइलने अरुंद झाला किंवा चेंबरमध्ये दाब साचला, तर निर्दोष टर्बोही ऑइल गाळतो. टर्बोला दोषी ठरवण्यापूर्वी हा पाइप काढून पाहिला का, हे गॅरेजमध्ये जरूर विचारा.

रिंगांसाठी गरम इंजिनावर, इंधन बंद करून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजतात. सिलिंडरांत 10 ते 15 टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर कमी असलेल्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. पण येथे एक फसगत आहे. काही टर्बो पेट्रोल इंजिनांत घर्षण कमी करण्यासाठी ऑइल रिंगा बारीक ठेवलेल्या असतात, आणि ऑइल 15,000 किलोमीटरपर्यंत न बदलता शहरातच गाडी चालवली, तर त्यांची छिद्रे कार्बनने बुजतात. तेव्हा कॉम्प्रेशन उत्तम येते आणि तरीही गाडी ऑइल खाते. अशा वेळी प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घालून पिस्टनची कड पाहावी. रिंगा सोडवणारे द्रव्य रात्रभर पिस्टनवर ठेवण्याचा उपाय इंजिन उघडण्यापूर्वी एकदा करून पाहण्यासारखा आहे, यश नेहमी येते असे नाही. सकाळी ते द्रव्य प्लगच्या भोकांतून काढून टाकल्याशिवाय स्टार्टर फिरवू नये आणि त्यानंतर लगेच ऑइल बदलावेच.

हे सगळे होईपर्यंत कमी फेऱ्यांवर, मोठ्या गिअरमध्ये गाडीला जोर देऊ नका. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत ऑइलचे थेंब ठिणगीआधीच पेट घेऊ शकतात आणि त्या धक्क्याने पिस्टन फुटू शकतो. 2020 पासून आलेल्या ‘एपीआय एसपी’ या अमेरिकी दर्जाच्या ऑइलमध्ये याची काळजी घेतलेली आहे. पुस्तिकेत बसत असेल तर तेच घ्या. शिवाय जळणाऱ्या ऑइलमधला फॉस्फरस कन्व्हर्टरही निकामी करतो.

तपासाअंती टर्बोच दोषी निघाला, तर नाना पेठेतून सुटा टर्बो आणून बसवणे एवढ्यावर काम संपत नाही. ऑइल आणणारा पाइप नवा घ्यावा, परतीचा पाइप स्वच्छ करावा, इंटरकूलरमध्ये साचलेले ऑइल पूर्ण काढावे, आणि सुरू करण्यापूर्वी टर्बोत ऑइल भरून घ्यावे. कोरडा फिरलेला टर्बो पहिल्याच मिनिटात झिजतो.

तोपर्यंत दर 300 किलोमीटरला डिपस्टिक पाहा आणि डिकीत त्याच ग्रेडचे 1 लिटर ऑइल ठेवा. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा पातळीचा नसून दाबाचा असतो. तो लागला तर घर जवळ असले तरी इंजिन त्याच जागी बंद करा आणि गाडी उचलून न्या. प्लगचे फोटो आणि 1000 किलोमीटरचा आकडा हाती आला की कळवा, मग हेड उतरवायचे की ब्रीदरवर भागते ते पाहू.