नाताळच्या मॉडेल रेल्वेचे सजवलेले डबे: गाडी धावताना दिवे लुकलुकतात, काय करावं?

डबा लगेच उघडू नका. बहुतेक वेळा दोष चाकांवरच्या काळ्या थराचा असतो, कारण दिव्यांना वीज रुळांतून चाकांमार्फत मिळते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने चाकं, रूळ आणि चाकांना टेकणाऱ्या पितळी पट्ट्या पुसा. पॉलिश पेपर नको, ओरखड्यांत घाण जास्त बसते.

तरीही लुकलुकत असतील तर १२ व्होल्ट डीसीवर ब्रिज रेक्टिफायर (वीज कुठल्याही दिशेने आली तरी दिव्यांना एकाच दिशेने देणारा भाग), त्यापुढे ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) आणि प्रत्येक एलईडीला १ किलोओहमचा रेझिस्टर (प्रवाह आवरणारा भाग) जोडा. रेक्टिफायर नसेल तर गाडी उलट्या दिशेने चालवल्यावर एलईडी विझतात; माझ्या पोराने तेव्हा ‘बाबा, लोडशेडिंग!’ म्हणून नाशिकरोडचं घर डोक्यावर घेतलं होतं. डाग देताना (सोल्डरिंग करताना) मात्र जपून, प्लास्टिक पटकन वितळतं.