96 जणांनी वाचलं, अंगठे चार

तात्या पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या काखेत फुलस्केप वही होती. मालवणात आठवड्यातले दोन दिवस दुपारी मी समुपदेशनाला बसते. बहुतेक माणसं बसल्यावर आधी पंख्याकडे बघतात, पाणी मागतात, मग हळूहळू विषयावर येतात. तात्यांनी वही उघडून सरळ माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, वाडीन माका वाळीत टाकल्यान."

(तात्या हे खरं नाव नाही. त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे.)

वय 61. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन गावी आलेले. खाडीकाठची वाडी, घर मांगरासकट (गोठ्यासकट) शाबूत, मुलगा पुण्याला. वर्षापूर्वी आई गेली. वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री त्यांनी वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आईबद्दल लिहिलं. पहाटे उठून ती पेज कशी शिजत घालायची, सोबत सुक्या बांगड्याचा तुकडा कसा भाजायची, शाळेत जाताना मुलाच्या खिशात आमसूल कसं टाकायची. सोबत तिचा एकुलता एक फोटो. ग्रुपात 118 माणसं. त्याच दुपारी चुलतभावाने जाळ्यात आलेल्या सुरमईचा फोटो टाकला, त्यावर 61 अंगठे पडले. आईवर चार. (वाडीत सगळ्याच खुणांना अंगठा म्हणतात, मग तो बदाम असो की जोडलेले हात.)

आता ती वही. कंडक्टरचं वेबिल असतं ना, कुठल्या थांब्याला किती चढले, किती उतरले, तशी तात्यांनी पानं आखली होती. आपल्याच मेसेजवर बोट दाबून धरलं की कोणी वाचला, कोणाला नुसता पोचला, ही यादी दिसते. ती रोज रात्री उतरवलेली. वाचला : 96. पोचला : 17. अंगठा : 4. वाचूनही न दिलेल्यांपुढे लाल शाईची फुली. पाचव्या पानापर्यंत फुल्यांची संख्या वाढत गेली होती, कारण दरम्यान तात्यांनी आणखी दोन गोष्टी टाकून पाहिल्या होत्या, 'बघूया तरी' म्हणून. रात्री दोनला उठून फोन बघायचा, वहीत लिहायचं, मग पहाटेपर्यंत जागं राहायचं.

'मी टाकलेलं कोणी लाइक करत नाही, माणसं माझ्यावर नाराज आहेत का?' हा प्रश्न मला आता महिन्यातून तीन-चार वेळा तरी ऐकू येतो. अकरावीतली मुलगी विचारते, होमस्टे चालवणारी बाई विचारते, निवृत्त हेडमास्तरही विचारतात. 'एवढ्याशा गोष्टीचं काय मनाला लावून घ्यायचं' असं त्यांना घरच्यांनी आधीच सांगितलेलं असतं आणि त्याचा काडीचा उपयोग झालेला नसतो. तात्यांचा शब्द मात्र वेगळा होता. वाळीत.

आमच्या भागात हा शब्द हलक्यात घेऊन चालत नाही. कोकणात वाळीत टाकण्याचे प्रकार खरोखर झालेत, आणि त्याविरुद्ध महाराष्ट्रात वेगळा कायदा आहे : 2016 चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा, जो 2017 मध्ये लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. म्हणून मी आधी वही बाजूला ठेवली आणि साधे प्रश्न विचारले. आईला पोचवायला किती जण आले होते? बाराव्याला जेवण कोणी रांधलं? दुकानात सामान मिळतं? गणपतीत आरतीला तुमच्याकडे येतात?

बाराव्याला अख्खी वाडी होती. भात चुलतभावानेच उतरवला होता, तोच सुरमईवाला. आरतीला पोरं येऊन मोदक संपवून गेली होती.

मग मी विचारलं, "तात्या, वाळीत टाकलेलं तुम्ही कधी पाहिलंय?"

बराच वेळ ते गप्प राहिले. मग सांगितलं. ते नऊ वर्षांचे असताना देवळातल्या मानावरून वडिलांचं भांडण झालं आणि दोन वर्षं वाडीने घराशी संबंध तोडले. विस्तव मागायला गेलं की चुलीवर पाणी ओतायचे. लावणीला कोणी येईना. सोबतची पोरं रस्त्यात दिसली की बघायची, ओळखायची आणि काही न बोलता पुढे जायची. "बघीत, पण बोलीत नाय," तात्या म्हणाले. आणि वहीकडे बोट केलं. 'वाचला' या रकान्याकडे.

मला त्या दुपारी जे कळलं ते एवढंच. बावन्न वर्षांपूर्वीची ती पोरं आता फोनमध्ये येऊन बसली होती, बघून न बोलणारी.

यावर 'फोन बंद करा' असं मी सांगत नाही. वाडीतली मयत, पाणी सुटायची वेळ, गॅसची गाडी, सगळं त्याच ग्रुपवर येतं. फोन बंद केला तर माणूस खराच तुटेल. मी त्यांना वहीतच काम दिलं. आठवडाभर दुसऱ्यांचे अंगठे मोजायचे नाहीत, स्वतःचे मोजायचे. कोणाला दिला, पूर्ण वाचून दिला का, आणि देताना मनात काय होतं, ते एका शब्दात.

कंडक्टरच तो. पुढच्या खेपेला हिशेब चोख. आठवड्यात 53 अंगठे दिलेले. पूर्ण वाचलेले 19. बाकीच्यांपुढचे शब्द मी तसेच देते : 'पोचला', 'मेव्हणो', 'बरा दिसत नाय म्हणान', 'सगळ्यांनी दिल्यांनी', 'पुरे आता', 'चुकान'. 'पुरे आता' म्हणजे काय विचारलं, तर एक गृहस्थ सकाळपासून राजकारणावर लिहीत होते, त्यांनी थांबावं म्हणून तात्यांनी अंगठा दिला होता! आणि सगळ्यात खाली, अंगठ्याच्या यादीत न बसणारी एक ओळ. वाडीतल्या एका बाईने मुलाच्या आजारपणाबद्दल लिहिलं होतं. ते तात्यांनी तीनदा वाचलं, डोळे भरून आले, आणि काही दिलं नाही. का? "काय देऊचा ताच कळाक नाय."

त्या ओळीवर आम्ही बराच वेळ थांबलो.

मूळ बटणाचीच ही अडचण आहे. फेसबुकवर लाइकचं बटण 9 फेब्रुवारी 2009 ला आलं. आधी त्याला 'ऑसम' म्हणायचं चाललं होतं, म्हणजे ते जन्माला आलं ते वाहवा करायला. कोणाच्या मरणावर अंगठा कसा द्यायचा, हा लोकांचा पेच कंपनीलाही दिसत होता, म्हणून 2016 मध्ये बदाम, रडू, राग वगैरे पाच चेहरे जोडले. व्हॉट्सॲपवर मे 2022 मध्ये या खुणा आल्या तेव्हा पहिल्या सहांत जोडलेले हातही होते. पण साठीपुढच्या किती जणांना मेसेजवर बोट दाबून धरायचं माहीत असतं? माझ्या सासूबाई आजही बदाम द्यायला जातात आणि मेसेजच डिलीट करून बसतात.

मग सुरमईला 61 कसे? त्यात मासा मोठा होता हे आहेच. पण पहिला अंगठा गावकरांचा, म्हणजे वाडीच्या मुख्य मानकऱ्याचा होता, आणि वाडीत गावकरांनी हात वर केल्यावर बाकीच्यांचे हात आपोआप वर जातात. यावर एक चांगला प्रयोग झालाय. लेव मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर या तिघांनी बातम्यांच्या एका संकेतस्थळावर लाखभर प्रतिक्रियांपैकी काहींना मुद्दाम, यादृच्छिकपणे, एक बाजूचं किंवा उलट मत आधीच देऊन ठेवलं. 2013 मध्ये 'सायन्स'मध्ये ते छापून आलं. ज्यांना बाजूचं एक फुकटचं मत मिळालं होतं, त्यांना पुढच्या वाचकाकडूनही बाजूचं मत मिळण्याची शक्यता 32 टक्क्यांनी वाढली आणि शेवटचा आकडा सरासरी 25 टक्के वर गेला. उलट मत दिलेल्यांचं नुकसान मात्र इतर वाचकांनी भरून काढलं. म्हणजे खाली खेचण्यापेक्षा वर ढकलण्यात गर्दी जास्त वाहून जाते.

तात्यांना मी आकडे सांगितले नाहीत. त्यांना विचारलं, वाडीच्या सत्यनारायणाला यंदा डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना) ठेवायची की दशावतार, यावर ग्रुपवर मतदान झालं, तेव्हा तुम्ही काय केलंत? ते हसले, पहिल्यांदाच. आधी दशावताराला मत दिलं होतं. मग नावं बघितली. व्हॉट्सॲपच्या मतदानात कोणी कुठे मत दिलं ते नावानिशी दिसतं आणि मत बदलताही येतं. गावकर आणि दोन मानकरी डबलबारीकडे दिसले. तात्यांनी गुपचूप मत फिरवलं. "मगे काय एकट्यान दशावतार बघू?"

आईबद्दलचा मेसेज रात्री पावणेबाराला गेला होता, हेही वहीतूनच निघालं. सकाळी त्यावर चाळीसभर शुभ सकाळ येऊन बसल्या.

इतकं कळूनही झोप लागत नव्हती. कळणं आणि वळणं यांत रात्री दोनची वेळ असते. अंगठा कधी येतो कधी येत नाही, म्हणूनच माणूस बघत राहतो. जेटीवर गरी टाकून बसलेल्याला विचारा, रोज ठरलेला मासा लागला असता तर तो एवढा वेळ बसला असता का. म्हणून दोन साध्या गोष्टी केल्या. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ग्रुपवरच्या खुणांची सूचना वेगळी बंद करता येते, ती केली. आणि फोन चार्जिंगला ओटीवर, माजघरात नाही. पहिले चार दिवस ते ओटीवर जाऊन बघून आले. नंतर, म्हणाले, थंडी लागायची म्हणून गेले नाहीत. मला कारण चाललं.

खरं अवघड काम पुढचं होतं. लाल फुल्यांपैकी तीन नावं त्यांनीच निवडायची, आणि तिघांच्या घरी जायचं. अंगठ्याबद्दल विचारायचं नाही. 'आईबद्दल लिहिलेलं, वाचलंस का' एवढंच.

पहिला रापणीवरचा (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरचा) जुना मित्र. तो जाळं विणत होता. वर न बघता म्हणाला, "तू लिवलंस तां वाचलंय. तुझ्या आवशीन माका पण पेज वाढलेली. पण मरणाच्या गोष्टीक अंगठो कसो देऊचो?" मग दोघे तिथेच बसले, संध्याकाळपर्यंत.

दुसरी नात्यातली काकी, ऐंशीच्या पुढची. तिचा फोन नातू हाताळतो. 'वाचला'मध्ये नाव तिचं, बोट नातवाचं. पण त्याने तिला दोनदा वाचून दाखवलं होतं, आणि पेजेत मीठ कधी घालायचं ते तात्यांनी चुकीचं लिहिलंय असा तिचा ठाम दावा होता.

तिसरा शेजारी. त्याने मुद्दामच दिला नव्हता, आणि तसं तोंडावर सांगितलं. बांधावरच्या माडाचे नारळ तात्या निवृत्त झाल्यापासून तेच उतरवून घेतात, हा त्याचा राग. तात्या तिथून तावातावाने निघून आले. मला वाटलं, आता सगळं मुसळ केरात. पण पुढच्या भेटीत ते बरेच शांत होते. एकाचा राग माडावर आहे, तो माड कुठे उभा आहे हे माहीत आहे, मोजणी करता येते. 118 जणांच्या गप्प बसण्याची मोजणी कुठल्या कचेरीत करणार?

आईसाठी रडणं मात्र तोवर राहूनच गेलं होतं. ते पाचव्या भेटीत झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, आम्ही दोघं बसून होतो आणि बाहेर पाऊस होता.

(झोप दोन आठवड्यांहून जास्त उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल, तर वही-बिही करत बसू नका. शासनाची 'टेलि-मानस' हेल्पलाइन 14416 चोवीस तास मोफत आहे, आणि मराठीतून बोलता येतं.)

परवा एसटी स्टँडवर तात्या भेटले. पुण्याला मुलाकडे निघालेले, पायाशी कोकमांची पिशवी. ग्रुपवर नवीन काही लिहिलंत का विचारलं. लिहिलं होतं, कंडक्टरकीच्या दिवसांतल्या एका रात्रीच्या मुक्कामाबद्दल. अंगठे सात.

"मोजलंत म्हणजे," मी म्हटलं.

"मोजूक होयेच. सवय ती." मग थोडं पुढे झुकून, "सातांत एक त्या माडवाल्याचो. वाचून दिल्यान की चुकान बोट लागला, देवाक म्हायत."

आणि गाडी फलाटाला लागली म्हणून पिशवी उचलून ते घाईने निघाले.