वाचकांचे प्रश्न: जुना भारी रिसीव्हर की नवा साधा?

प्रश्न : डेनॉन कंपनीचा २०१२ सालचा एव्हीआर-४५२० रिसीव्हर (टीव्ही-प्लेअरचा आवाज वाढवून स्पीकरना देणारं यंत्र) ओळखीत मिळतोय. थोडे पैसे घातले तर नवा एव्हीआर-एक्स१८००एच येतो. पण जुना १५० वॉटचा, नवा ८० चा. खोली १२ बाय १५ फूट, टीव्ही फोर-के. काय घ्यावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नवा घ्या. वॉटला भुलू नका. ८० चे १५० झाले तरी आवाजात फरक पावणेतीन डेसिबलचा. स्पीकर ८७ ऐवजी ९० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (तेवढ्याच वॉटमध्ये जास्त आवाज देणारे) लावलेत तर तेवढा तिथेच वसूल होतो. एवढ्या खोलीत एरवी चार-दोन वॉटच खर्ची पडतात.

जुन्याचं दुखणं एचडीएमआयमध्ये आहे. अ‍ॅम्प्लिफायर आजही दणकट असेल, पण एचडीसीपी २.२ (फोर-केसाठीची कॉपीरोधक यंत्रणा) नसल्यामुळे फोर-के स्ट्रीमिंग बॉक्स त्यातून टीव्हीला नेला की चित्र १०८०पीवर उतरतं, नाहीतर पडदा काळाच राहतो. घरगुती अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही येणारा चहूबाजूंचा आवाज) आलं २०१४ मध्ये, तेही यात नाही. सगळं टीव्हीला जोडून आवाज एआरसीने (त्याच एचडीएमआय केबलमधून उलटा) रिसीव्हरकडे आणता येतो, पण ब्लू-रेचा ट्रूएचडी, म्हणजे पूर्ण दर्जाचा आवाज, त्या वाटेने येत नाही.

४ ओमचे (जास्त करंट ओढणारे) अवघड स्पीकर असतील तर मात्र गणित बदलतं. छोटा रिसीव्हर मोठ्या आवाजात तापतो आणि प्रोटेक्शनला जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो. तेव्हा प्री-आउट (बाहेरच्या अ‍ॅम्पला सिग्नल देणारी जोडणी) असलेला नवा रिसीव्हर आणि जोडीला जुना पॉवर अ‍ॅम्प, ही जोडी उत्तम. एक्स१८००एचला मुख्य स्पीकरसाठी प्री-आउट नाहीत, हे ध्यानात असू द्या.

प्रश्न : वापरलेले टॉवर स्पीकर आणि सबवूफर घ्यायचे आहेत. तपासायचं काय?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : जुनं घ्यायचं तर हेच घ्यावं. आधी जाळी काढून वूफरची (खर्जाच्या मोठ्या स्पीकरची) कड बघा. रबरी असेल तर बरं. फोमची असेल तर बोटाने हलकेच दाबा. चिकट लागली किंवा भुगा पडला तर ती गेली. कोकणच्या दमट हवेत फोम लवकर सडतो. कड बदलून मिळते, तो खर्च किमतीतून वजा करून घ्या. मग चारी बोटांनी कोन (मधला शंकू) सरळ आत ढकला. खरखर ऐकू आली तर कॉइल (शंकूमागची तारेची गुंडाळी) घासतेय, तो नग सोडून द्या. वायर काढून मल्टिमीटर लावा: ८ ओमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) आणि वूफर मात्र कान लावून वेगवेगळे ऐका. सबवूफरमध्ये आधी बिघडतो तो आतला अ‍ॅम्प. इनपुट केबल काढून चालू करा आणि अर्धा तास तापू द्या. तरीही मोठी गुणगुण येत असेल तर कपॅसिटर थकलेत असं धरून चाला.

प्रश्न : अमेरिकेतला भाऊ त्याचा रिसीव्हर देतोय. चालेल?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मागच्या पट्टीवर '१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ' एवढंच असेल तर थेट आपल्या २३० च्या सॉकेटला लावू नका. त्याच पट्टीवर वॉट लिहिलेले असतात; ७०० असतील तर २३० चे १२० व्होल्ट करणारा निदान १००० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. तो जड असतो, स्वतःही थोडा गुणगुणतो, म्हणून रिसीव्हरपासून लांब ठेवा. कॅलिब्रेशनचा (खोलीनुसार आवाज जुळवण्याचा) माइक भावाला आठवणीने बॉक्समध्ये टाकायला सांगा. दुसऱ्या कंपनीचा लावून मोजमाप बिनचूक येत नाही.