बर्फासाठी मोठे टायर घ्यावेत का?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे फोर बाय फोर डबल कॅब पिकअप आहे. कंपनीचे टायर २४५/७० आर १६ मापाचे असून ते आता बदलायला आले आहेत. वर्षभर गाडी पाथर्डी फाटा ते सातपूर एमआयडीसी अशी धावते, अधूनमधून कसारा घाटाने मुंबईला जाते. मात्र दर जानेवारीत आम्ही तीच गाडी घेऊन मनालीला आणि तिथून अटल बोगद्यापलीकडे सिस्सूपर्यंत जातो. गेल्या खेपेस सोलंगच्या पुढे चढावर गाडी मागे घसरू लागली. मित्रमंडळी ३३ इंची, म्हणजे २८५/७५ आर १६ टायर बसवा म्हणतात. टायरवाल्याच्या मते २६५/७० च्या पुढे जाऊ नये. रुंद आणि मोठा टायर बर्फात जास्त पकड देतो, हे खरे आहे का?
— एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक

उत्तर : आपल्या टायरवाल्याचे म्हणणे मित्रांच्या म्हणण्यापेक्षा खूपच बरे आहे, पण बर्फातली पकड प्रामुख्याने मापावर ठरत नाही, ती रबरावर आणि नक्षीवर ठरते. साध्या टायरचे रबर तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की कडक होऊ लागते आणि उणे तापमानात त्याचा रस्त्याशी होणारा चिकटपणा बराच कमी होतो. असा कडक टायर ३३ इंची घेतला, तरी तो मोठा असूनही कडकच राहतो.

रुंदीबद्दलचा समज थोडा उलगडून सांगावा लागेल. टायर जमिनीला जेवढ्या क्षेत्रफळावर टेकतो, ते मुख्यतः गाडीचे वजन आणि टायरमधली हवा यांवरून ठरते. हवा तेवढीच ठेवून टायर रुंद केला, तर टेकणारा भाग आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. सिस्सूच्या रस्त्यावर चार-सहा इंच ताजा बर्फ पडलेला असेल, तर रुंद टायरला तेवढा रुंद पट्टा समोरून ढकलत जावे लागते, उलट अरुंद टायर बर्फ कापून खालच्या कठीण थरापर्यंत पोहोचतो. रुंद टायरचा खरा उपयोग होतो तो खोल बर्फात, जिथे खाली रस्ताच नसतो आणि गाडीला बर्फावरून तरंगत जायचे असते. आइसलंडमधल्या हिमनद्यांवर ३८ इंची आणि त्याहूनही मोठे टायर हवा अगदी थोडी ठेवून चालवतात, ते याच कारणासाठी. मनालीचा रस्ता तसा नाही. तिथे बर्फ काढणारी यंत्रे फिरतात आणि आपल्याला त्रास होतो तो चाकांखाली दबून घट्ट झालेल्या बर्फाचा आणि सकाळी सावलीच्या वळणांवर साचलेल्या पारदर्शक बर्फाचा.

आता मापाचा हिशेब पाहू. २४५/७० आर १६ मध्ये २४५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ७० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि १६ हा रिमचा इंचांतला व्यास. २४५/७० आर १६ या टायरचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर भरतो, २६५/७० आर १६ चा ७७७ आणि मित्रांनी सुचवलेल्या २८५/७५ आर १६ चा ८३४. पहिल्या बदलात व्यास पावणेचार टक्क्यांनी वाढतो, गाडी जमिनीपासून १४ मिलिमीटर उचलली जाते आणि वेगाचा काटा आज बिनचूक असेल, तर तो १०० दाखवताना आपण जवळपास १०४ ने जात असाल. दुसऱ्या बदलात तोच खरा वेग १११ होतो. शिवाय मोठ्या चाकामुळे प्रत्येक गिअर लांबतो, म्हणजे कसाऱ्याच्या चढावर भरलेली गाडी आज ज्या गिअरमध्ये निघते त्यात ती कुरकुरेल. वजनदार टायरने ब्रेक आणि सस्पेन्शनवरचा भार वाढेल, अ‍ॅव्हरेज उतरेल आणि पूर्ण वळण घेताना टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला घासण्याची शक्यता राहील. पावसाळ्यात इगतपुरीजवळ रस्त्यावर पाण्याचा थर असतो, तेव्हा रुंद टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा धोकाही अधिक असतो, आणि आपली गाडी बर्फापेक्षा पावसात कितीतरी जास्त दिवस चालते. कायद्याची बाजूही आहेच : मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या तपशिलांत परस्पर फेरफार करता येत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करू शकते. आपल्याच मॉडेलच्या एखाद्या वरच्या आवृत्तीला कंपनीने २६५ चे माप दिले असेल, तर ते निर्धास्त घ्यावे. नसेल, तर २४५ वरच राहावे. बर्फात त्याने काहीही बिघडत नाही.

टायर निवडताना दुकानात दोन गोष्टी स्वतः वाकून पाहाव्यात. एक, टायरच्या भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे कोरलेले चिन्ह आहे का. नुसते ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेले असेल, तर तो नक्षीच्या ठेवणीवरून कंपनीने स्वतः लावलेला शिक्का असतो. डोंगराचे चिन्ह मात्र टायरने दबलेल्या बर्फावरच्या चाचणीत तुलनेसाठी ठरवून दिलेल्या टायरपेक्षा ठरावीक इतकी जास्त पकड दाखवली, तरच लावता येते. जर्मनीने तर ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून फक्त हे चिन्ह असलेलेच टायर ग्राह्य धरले आहेत. एकाच नावाच्या टायरला काही मापांत हे चिन्ह असते आणि काहींत नसते, म्हणून जाहिरात न वाचता प्रत्यक्ष टायर वाचावा. दुसरे, नक्षीच्या ठोकळ्यांवर बारीक, नागमोडी चिरा आहेत का ते पाहावे. या चिरांच्या कडा बर्फाला धरतात आणि त्यांत अडकलेला बर्फ खालच्या बर्फाला चिकटतो. चिखलासाठीचे टायर दिसायला रांगडे असतात, पण त्यांचे ठोकळे मोठे आणि गुळगुळीत असल्यामुळे गोठलेल्या रस्त्यावर ते निराशा करतात.

अस्सल हिवाळी टायर मात्र आपल्याला घेऊ नका असेच सांगेन. त्याचे रबर मुळातच मऊ असते. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा तापलेल्या डांबरावर ते भराभर झिजेल आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेईल. आपल्यासाठी योग्य तो मध्यम मार्ग म्हणजे डोंगराचे चिन्ह असलेला ऑल टेरेन, म्हणजे पक्क्या आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांसाठीचा टायर, चारही चाकांना एकसारखा, आणि स्टेपनीसुद्धा त्याच मापाची. फोर बाय फोरमध्ये पुढची-मागची चाके वेगवेगळ्या व्यासाची असली, तर गिअरपेटीपुढच्या यंत्रणेवर ताण येतो. भारवहन निर्देशांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो हे सांगणारा त्यावरचा आकडा, कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. कायद्याने नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली तरी चालते, पण बर्फात ४ मिलिमीटरच्या खाली गेलेल्या टायरवर भरवसा ठेवू नये. ऑस्ट्रियात हिवाळी टायरसाठी तेवढी खोली कायद्यानेच बंधनकारक आहे.

त्याखेरीज चेन, म्हणजे बर्फात टायरवर गुंडाळायची साखळी, हवीच. बर्फवृष्टीनंतर सोलंगच्या पुढे पोलीस बहुधा फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्याच सोडतात, आणि फोर बाय फोरने गाडी निघते हे खरे असले, तरी थांबण्याच्या बाबतीत ती इतर गाड्यांसारखीच असते. चेन टायरच्या मापाचीच लागते आणि टायर जितका मोठा, तितकी चेनला मडगार्ड व ब्रेकच्या नळीपासून मोकळी जागा कमी उरते. ३३ इंची टायर नको म्हणण्याचे हेही एक कारण. चेन लावण्याचा सराव नाशिकलाच, कोरड्या जमिनीवर करून घ्या, कारण तिकडे बोटे गारठल्यावर हुक सापडत नाहीत.

हवेबद्दल एक गंमत. नाशिकला ३० अंशांत ३५ पीएसआय हवा भरून निघालात आणि सिस्सूला उणे १० अंशांत पहाटे मोजलीत, तर केवळ थंडीने ती सहा-सात पीएसआयने उतरायला हवी. पण सिस्सू समुद्रसपाटीपासून सुमारे ३१०० मीटर उंच असल्याने तिथे बाहेरच्या हवेचा दाब कमी असतो, आणि मापक टायरमधल्या व बाहेरच्या दाबातला फरकच मोजत असल्याने त्यातले साडेतीन पीएसआय परत दाखवतो. म्हणून तूट तीनेक पीएसआयच दिसेल. तेवढी भरून घ्यावी आणि परतल्यावर जास्तीची हवा सोडून द्यावी.

प्रश्न : निफाडला पारा दर हिवाळ्यात एक आकडी होतो. मालवाहू पिकअपला हिवाळी टायर लावावेत का?
— एक द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर : नाही. ती थंडी पहाटेपुरती असते आणि दुपारी रस्ता पुन्हा तापतो. सकाळी गाडी निघण्यापूर्वी, टायर गार असताना हवा मोजावी, एवढे पुरे.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत मिनेसोटाला असतो. त्याने पिकअप ट्रक घेतला असून त्याला २७५/६५ आर १८ टायर आहेत. तो ३५ इंची टायर बसवायचे म्हणतो. रोजचे जाणे-येणे डांबरी रस्त्याचे, पण हिवाळा पाच महिन्यांचा. मला काळजी वाटते.
— एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. तिथला हिवाळा उणे २० अंशांच्याही खाली जातो, त्यामुळे नाशिकच्या वाचकाला दिलेला मध्यम मार्ग आपल्या चिरंजीवांना लागू होत नाही. त्यांनी वेगळ्या लोखंडी रिमवर बसवलेला हिवाळी टायरचा दुसरा संच ठेवावा आणि तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला चढवून बर्फ सरल्यावर उतरवावा. माप २५५/७० आर १८ घेतले, तर व्यास ८१४ मिलिमीटर भरतो, म्हणजे मूळ टायरपेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर कमी, आणि रुंदी दोन सेंटिमीटरने घटते. त्यामुळे वेगाचा काटा तसाच राहतो व टायर बर्फ कापून खालच्या कठीण थरापर्यंत अधिक सहज पोहोचतो. भारवहन निर्देशांक दाराच्या चौकटीवरील कंपनीच्या पट्टीशी ताडून पाहावा. दुसऱ्या रिमनाही हवेचा दाब सांगणारे सेन्सर बसवावे लागतील, नाहीतर डॅशबोर्डवरचा दिवा हिवाळाभर पेटलेला राहील. खिळ्यांचे टायर मिनेसोटाच्या रहिवाशांना वापरता येत नाहीत, तेव्हा तो विचार सोडावा.

३५ इंची टायरची हौस असेलच, तर ती उन्हाळी संचावर, गाडीच्या रचनेत बसेल तेवढीच भागवावी. आणि रिकाम्या पिकअपची मागची बाजू हलकी असल्यामुळे ती वळणावर आधी सुटते. हिवाळ्यात मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर वाळूच्या काही पिशव्या घट्ट बांधून ठेवायला सांगा. चाक एकाच जागी फिरू लागले, तर त्यातलीच वाळू टायरखाली टाकता येते.