ब्राउझरमध्ये देवनागरी फाँट करायचा असेल तर

आपला प्रश्न असा आहे की, वडिलांनी नाशिकच्या पंचवटी आणि मेन रोडवरील दुकानांसाठी रंगवलेल्या पाट्यांवरील अक्षरांचा फाँट करायचा आहे, महागडे सॉफ्टवेअर परवडणारे नाही, आणि म्हणून हे काम ब्राउझरमधल्या मोफत साधनांवर निभेल का. आकार काढणे आणि तयार फाँट तपासणे ही दोन्ही कामे ब्राउझरमध्ये चांगली होतात. परंतु देवनागरी फाँटमध्ये आकारांइतकेच महत्त्व ते एकमेकांशी जुळण्याच्या नियमांना असते, आणि साधन निवडताना ते नियम त्यात लिहिता येतात का, हे सर्वांत आधी पाहावे.

आपल्याच भागातील ‘त्र्यंबकेश्वर’ हा शब्द घ्या. संगणकाच्या दृष्टीने ती युनिकोडमधील, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतप्रणालीतील, 13 चिन्हांची सरळ रांग आहे. तिच्यातून ‘त्र्य’ हे जोडाक्षर उभे करायचे, अनुस्वार नेमका त्याच्या माथ्यावर बसवायचा आणि ‘श्व’ जुळवायचा, यासाठी लागणारे आकार आणि जोडणीचे नियम फाँटनेच पुरवायचे असतात. ‘कुशावर्त’मधला रफार पुढच्या अक्षरावर जातो, तर ‘ब्रह्मगिरी’तली ऱ्हस्व वेलांटी टंकताना ‘ग’नंतर येते आणि दिसताना त्याच्या आधी. हा क्रम बदलण्याचे काम ब्राउझरमधील हार्फबझसारखे इंजिन (अक्षरांची जुळणी करणारा अंतर्गत प्रोग्राम) करते, पण त्याला हवे असलेले अर्धे ‘श’, रफार, रकार हे आकार फाँटमध्ये नसतील किंवा नियमांनी बांधलेले नसतील, तर पडद्यावर पाय मोडलेली सुटी अक्षरे दिसतात.

या कसोटीवर पाहता फाँटस्ट्रक्ट बाजूला ठेवावे. 2008 पासून चालू असलेले ते साधन ठोकळ्यांच्या मांडणीचे आहे आणि कुंचल्याच्या वळणांना ते मानवणार नाही. कॅलिग्राफर हस्ताक्षराचा छापील तक्ता स्कॅन करून फाँट देते. मोफत वापरात 75 अक्षरांची मर्यादा आहे आणि मराठीची जोडाक्षरे त्यात मावत नाहीत. ग्लिफर स्टुडिओ मात्र मुक्त स्रोत आहे, हाताळायला सोपे आहे आणि वक्ररेषा ओढण्याचा सराव करायला मी तेच सुचवीन. त्यात देवनागरीच्या जुळणीचे नियम लिहिण्याची सोय नाही, त्यामुळे अंतिम फाँट त्यात करू नये. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार ठेवून वेळ मारून नेण्याचा मोह येथे होतो. डीटीपीच्या (संगणकावरील छपाई-जुळणीच्या) जुन्या फाँटांनी तेच केले, आणि त्या फाँटांत जुळवलेला मजकूर फाँट बदलताच वाचता येत नाही. वडिलांची अक्षरे त्या वाटेने नेऊ नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

माझी शिफारस फाँट्राची आहे. जस्ट व्हान रॉसम यांच्या पुढाकाराने घडलेले हे मुक्त साधन ब्राउझरमध्ये उघडते, मात्र त्याचा सर्व्हर, म्हणजे मागे चालणारा प्रोग्राम, आपल्याच संगणकावर चालवावा लागतो. ते अवघड वाटल्यास फाँट्रा पाक हे तयार अॅप घ्यावे. कोऱ्या फाइलपासून सुरुवात न करता, एसआयएल ओपन फाँट परवान्याखाली (फाँट मोफत वापरू आणि बदलू देणाऱ्या परवान्याखाली) उपलब्ध असलेल्या एखाद्या देवनागरी फाँटची मूळ फाइल त्यात उघडावी आणि नियम तसेच ठेवून एकेक आकार वडिलांच्या वळणाने नव्याने काढावा. या मार्गाने रफाराचे नियम आणि मात्रांची बैठक आयती मिळते. परवान्याच्या अटी मात्र पाळाव्या लागतात: आपला फाँटही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो, तो नुसता फाँट म्हणून विकता येत नाही, आणि मूळ फाँटचे नाव राखीव ठेवलेले असल्यास ते वापरता येत नाही.

काढताना शिरोरेखेची उंची आणि जाडी सर्व अक्षरांत एकच ठेवावी आणि ती अक्षराच्या रुंदीपलीकडे किंचित पुढे जाऊ द्यावी, नाहीतर दोन अक्षरांमध्ये बारीक फट दिसते. पाटीवर जागा पाहून रेघ जाड-बारीक केलेली असते, म्हणून एकाच पाटीवरून माप घेऊ नये. ‘ल’ आणि ‘श’ यांच्याबाबत विशेष दक्षता हवी: अनेक देवनागरी फाँटांत त्यांचे हिंदी आणि मराठी वळणाचे वेगळे आकार असतात आणि मजकुराची भाषा मराठी असल्याचे नोंदवलेले असल्यास दुसरा आकार आपोआप येतो. आपण फक्त पहिला बदलला, तर मराठी पानावर नेमका जुनाच ‘ल’ डोकावेल. तेव्हा दोन्ही जागी वडिलांचाच आकार ठेवावा.

तयार फाइल फाँटड्रॉप या फाँट तपासण्याच्या संकेतस्थळावर टाकून पाहावी. ती सर्व्हरवर न जाता आपल्या ब्राउझरमध्येच वाचली जाते. फाँटमध्ये कोणते नियम आहेत हे वाकामाई फाँड्यू हे दुसरे संकेतस्थळ दाखवते. तपासणीसाठी केवळ बाराखडी पुरेशी नाही. त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगी, सह्याद्री, द्राक्षे, कुशावर्त आणि ‘दऱ्या’ हे शब्द लहान-मोठ्या आकारांत टंकून पाहावेत. ‘दऱ्या’मधला चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ मराठीला रोज लागतो. मूळ फाइलमध्ये तो नसेल, तर काम सुरू करण्यापूर्वीच दुसरी फाइल निवडावी.