तुझं मॉड्यूल चालवणारा डीएम

प्रिय दोस्ता,

तू पाठवलेलं डंजन्स अँड ड्रॅगन्सचं मॉड्यूल, म्हणजे टेबलावर खेळायची तयार गोष्ट, वाचून काढलं. दीपगृहाची कल्पना झकास आहे. पण सुरुवातीची पानंच्या पानं तिथल्या राजघराण्याच्या इतिहासात गेली आहेत आणि तो खेळाडूंना कळावा अशी एकही जागा तू ठेवलेली नाहीस. अर्ध्या पानात आटप. उरलेला तुझ्या वहीत असू दे.

घरच्या ग्रुपमध्ये तूच डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) असतोस, काही अडलं तर जागच्या जागी निस्तरतोस. ॲडव्हेंचरर्स लीगसारख्या सामायिक मोहिमेत, जिथे ठिकठिकाणचे खेळाडू एकाच जगात खेळतात, तुझं मॉड्यूल एखाद्या गेमच्या दुकानात असा कुणी चालवणार, ज्याने ते आदल्या रात्री (खरं तर येताना गाडीत) चाळलंय. समोर तीन ते सात माणसं, बहुतेक एकमेकांना अनोळखी, आणि हातात चारेक तास. तुला लिहायचंय ते त्या डीएमसाठी.

तुझं तळघर घे. चोरदार सापडलं तरच गोष्ट पुढे जाते, आणि त्यासाठी परसेप्शनचा (नजर किती तीक्ष्ण त्याचा) पंधराचा चेक, म्हणजे फासा टाकून किमान पंधरा यायला हवेत. टेबलावर कुणालाच पंधरा पडले नाहीत तर? डीएम बिचारा तुझ्या पानाकडे बघत बसणार. दार सापडू दे. चेक दुसऱ्या गोष्टीवर लाव: जमला तर आतल्या पहारेकऱ्यांना चाहूल लागत नाही, फसला तर ते हत्यारं उपसून उभे. फासे कसेही पडोत, खेळ थांबत नाही.

प्रत्येक लढतीखाली कमजोर आणि तगड्या पार्टीसाठी (खेळाडूंच्या पात्रांच्या चमूसाठी) काय बदलायचं तेही हवं. टियर १ म्हणजे सगळ्यात नवख्या पात्रांचा गट, लेव्हल १ ते ४. तुझ्या ओगर राक्षसाच्या एका दणक्यात पहिल्या लेव्हलचा विझार्ड (जादूगार) आडवा होतो, आणि चौथ्या लेव्हलचे पाच जण त्याच ओगरला दोन-तीन राउंडमध्ये लोळवतात. ‘डीएमने अंदाजाने ठरवावं’ असं लिहून हात झटकू नकोस. कमजोर पार्टी असेल तर ओगर काढून किती गोब्लिन (छोटे, कमी ताकदीचे राक्षस) ठेवायचे, तो आकडा दे.

आता ती उडणारी तलवार. घरी दिलीस तर ती घरातच राहते. इथे ती घेऊन ते पात्र पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच डीएमच्या टेबलावर बसतं आणि त्याच्या लढतीचा चुराडा करतं. राजाच्या खुनाचंही तेच. एका टेबलावर मेला, शेजारच्या टेबलावर वाचला, तर पुढचं मॉड्यूल लिहिणाऱ्याने काय करायचं? हा पेच जुना आहे. आरपीजीए या खेळाडूंच्या संघटनेने १९८७ मध्ये लिव्हिंग सिटी ही सामायिक मोहीम सुरू केली तेव्हा रेव्हन्स ब्लफ हे एकच शहर सगळ्यांनी मिळून वापरायचं होतं. लिव्हिंग ग्रेहॉक या नंतरच्या मोहिमेत (२००० ते २००८) तर खऱ्या जगातल्या प्रदेशांना ग्रेहॉक या काल्पनिक जगातला एकेक मुलूख वाटून दिला होता आणि कारभार तिथल्याच तीन स्वयंसेवकांकडे असायचा. मला ती व्यवस्था आजही सगळ्यात देखणी वाटते. तुला एवढंच सांगतो, राजाला सोड, दीपगृहाच्या रखवालदाराचं काय व्हायचं ते खेळाडूंना ठरवू दे. बदल छोटा असला की जगाला पेलतो.

विक्रीचं थोडक्यात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या डीएम्स गिल्ड या ऑनलाइन दुकानात फॉरगॉटन रेल्म्स या खेळाच्या काल्पनिक जगातली गावं, देव, माणसं बिनधास्त वापरता येतात. त्याबदल्यात विक्रीतला निम्माच वाटा तुझा, आणि तेच मॉड्यूल दुसरीकडे विकता येत नाही. पाच डॉलर किंमत लावलीस तर तुझ्या हाती अडीच. तिथे ठेवलं म्हणजे ते आपोआप लीगमध्ये खेळता येतं, असंही नाही. तुझ्या दीपगृहाला रेल्म्सची गरज आहे का, हे आधी बघ. मला तरी दिसत नाही. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम असलेला एसआरडी हा दस्तऐवज २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. श्रेयनामाची ओळ छापलीस की त्यावर बेतलेलं मॉड्यूल कुठेही विकायला तू मोकळा. लीगचा नाद असेल तर मात्र रस्ता वेगळा.

इंटरनेटवरून उचललेली चित्रं काढून टाक. पैसे नसतील तर चित्रांशिवाय चालेल, पण नकाशा स्वच्छ हवा. घरच्या प्रिंटरवर काळ्या-पांढऱ्यात छापून बघ, तुझ्या पायऱ्या आणि भिंती एकसारख्याच दिसतात.

पुढचा मसुदा मला पाठवण्याआधी ओळखीतल्या दुसऱ्या कुणाला चालवायला दे. तू मागे खुर्ची टाकून बस आणि डीएम कुठे पानं उलटून शोधाशोध करतो त्याची नोंद घे. मध्ये तोंड उघडायचं नाही, त्याने चुकीचं वाचलं तरीही.

तुझा,
दादा